चतुःसीमा नसलेली खोली

मी जागा बघायला गेलो तेव्हा आमच्या घरमालकांनी जागा दाखवायच्या आधी मलाच मोजलं. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली, टेप खाली सोडली आणि म्हणाले, "माडीचं दार बुटकं आहे. रोज वाकावं लागेल. वाकायची तयारी असेल तर पुढचं बोलू." मी वाकायचं कबूल केलं. मग बायकोकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "ह्यांना वाकायला लागणार नाय." ते दाराबद्दल बोलत होते. बायकोने तो निकाल सगळ्या संसाराला लावून घेतला.

रत्नागिरीत मांडवीच्या अंगाला त्यांचं घर. खाली ते आणि काकू, माडीवर आम्ही चौघं. मी औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी, मूळचा साताऱ्याकडचा. बदली होऊन इथे आलो आणि त्या बुटक्या दारातून वाकत वाकत चांगली सात वर्षं काढली.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे खात्यातून निवृत्त झालेले, मोजणीतून नाही. खाकी अर्धी चड्डी, जाळीचा बनियन, कानावर पेन्सिल आणि खिशात पोलादी टेप. ती टेप बाहेर येताना सर्र करायची आणि आत जाताना खाड करायची. आम्हांला माडीवर बसल्या बसल्या कळायचं खाली काय चाललंय. सर्र म्हणजे काकांना संशय आला. खाड म्हणजे खात्री पटली.

सगळं जग त्यांना जमिनीसारखंच दिसे. माणसांना ते नावाने हाक मारत नसत, ठिकाणाने मारत. मी 'वरचे'. बायको 'वरच्या वहिनी'. मुलगा 'वरचा थोरला' आणि मुलगी 'वरची धाकटी'. पार्सल आणणारा 'फाटकावरचा'. कुंपणापलीकडे राहणारा त्यांचा सख्खा चुलतभाऊ 'पलीकडचा'. काकूंना मात्र नुसतं 'अगो', कारण काकूंचं ठिकाण कधी बदलतच नसे.

ते का बदलत नसे, हे सांगायचं तर गडग्याबद्दल सांगायला हवं. गडगा म्हणजे दोन वाड्यांच्या मधली, नुसते जांभे दगड एकावर एक रचून केलेली भिंत. ना चुना, ना सिमेंट. पावसाळ्यात ती ठिकठिकाणी ढासळते आणि पाऊस सरला की पुन्हा रचतात. रचताना ती जागच्या जागी राहते की हातभर सरकते, या प्रश्नावरून कोकणात सख्ख्या भावांची बोलणी पिढ्यान्‌पिढ्या बंद असतात. काकांचीही 'पलीकडच्या'शी होती.

"गडगा चालतो," काका मला खालच्या आवाजात सांगत. "दगड दिसतो मुका. पण मालकाची पाठ वळली की चालायला लागतो."

पुरावा म्हणून ते मला जांभळीच्या झाडापाशी नेत. तिथे गडगा दरवर्षी ढासळे, पाऊस असो वा नसो. "बघा. बाकी सगळीकडे दगड पडलेले सापडतात. इथले दगड उचलून बाजूला ठेवलेले असतात. पडलेला दगड असा बसका बसतो काय? हा माणसाचा हात आहे." आणि पलीकडच्या घराकडे बघून ते टेप खाडकन बंद करत.

मालकाची पाठ वळता कामा नये, म्हणून काकांनी गेल्या कित्येक वर्षांत एक रात्रही घराबाहेर काढलेली नव्हती. मुलाचं लग्न पुण्याला झालं. अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्यांना काकूंच्याच हातचं जेवायची सवय, म्हणून काकूही परत. सून तिकडे माप ओलांडत होती तेव्हा सासूबाई गाडीत खिडकीपाशी बसून होत्या. काकू हे सांगताना हसत. "सुनेचं तोंड मी फोटोत नीट बघितलं," म्हणत. माहेर पावसचं, तिथेही सकाळी जाऊन दुपारी परत. हाकेच्या अंतरावर समुद्र असलेल्या बाईने पाण्यात पाय घातला होता तो घोट्यापर्यंत.

अशा घरात आम्ही एके दिवशी बोटीची सहल ठरवली.

खरं म्हणजे मुलांनी ठरवली. मुंबईहून मोठं जहाज सुटतं, लक्षद्वीपकडे जाऊन येतं, वर पोहायचा तलाव असतो आणि आइस्क्रीम दिवसभर कितीही खा, एवढी माहिती थोरल्याने आणली. धाकटीने दिवाळीच्या सुट्टीतले दिवस धरून ठेवले. आम्ही दोघं घाटावरची माणसं. पाण्याशी आमचं नातं विहीर आणि कालवा एवढंच. मे महिन्यात मी आणि बायको मोबाइलवर खोल्यांची चित्रं बघत बसलो होतो, तेवढ्यात जिन्यात सर्र असा आवाज झाला.

"घाटावरची माणसं बोटीत बसणार," काका दारात उभे राहून म्हणाले, "आणि कोकणातल्या माणसाला विचारणार नाय?"

"काका, तुम्ही बोटीतून गेलायत का कधी?" बायकोने विचारलं.

"कशाला जायला हवं? मी उभी हयात जमीन मोजली आहे. बोट म्हणजे काय, तरंगती जमीन. जागा कुठची घेताय ते सांगा."

जागा, म्हणजे खोली, तीन प्रकारची होती. आतली, म्हणजे खिडकी नसलेली. खिडकीची. आणि बाल्कनीची. काकांनी तिन्हींचा निकाल उभ्या उभ्या लावला.

"आतली नको. ती बाळंतिणीची खोली. बाहेर उजाडलं की मावळलं कळायचं नाय, पोरं दुपारी दात घासतील. खिडकीची कशाला? काच उघडत नाय म्हणताय. न उघडणारी खिडकी म्हणजे कॅलेंडर. आणि बाल्कनी? हा तुमचा थोरला माझ्या पेरूवरून तीनदा पडलाय."

"मग राहिलं काय?"

"तेच शोधायचं आहे," काका म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की सहल आमची आहे हे सांगायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर बुकिंगच्या ऑफिसात आले. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर जहाजाचा नकाशा उघडला. नकाशा बघताच काकांनी चष्मा पुसला. एकावर एक मजले, मजल्यामजल्यावर शेकडो चौकोन, प्रत्येकाला नंबर. त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "काय सुंदर आखणी आहे," ते म्हणाले. "एक तुकडा वाकडा नाय." मग त्यांनी एका चौकोनावर पेन्सिल टेकवली. "हिची चतुःसीमा सांगा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. जमिनीच्या कागदावर पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असं चारी बाजूंचं लिहिलेलं असतं, ती चतुःसीमा, असं मी समजावलं.

"पूर्वेला काय येतं?" काका.

"समुद्र, सर."

"समुद्र पश्चिमेला असतो."

"जाताना ही बाजू पूर्वेला असते, सर. येताना बोट फिरली की हीच पश्चिमेला."

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या सबंध नोकरीत कुठल्याही जमिनीने त्यांच्याशी असा दगा केला नव्हता. "म्हणजे जाताना जी पूर्व," ते सावकाश म्हणाले, "ती येताना पूर्व राहत नाय."

"नाही, सर."

"आणि शेजारी कोण?"

"ते सांगता येत नाही, सर. बुकिंग अजून चालू आहे."

"चतुःसीमा नाय, शेजाऱ्याचा पत्ता नाय," काका मला म्हणाले, "आणि तुम्ही इथे लहान पोरं घेऊन राहायला जाणार."

मुलगी समजूतदार होती. तिने सांगितलं, मुलं लहान असली तर बोटीच्या मधोमध आणि खालच्या अंगाची खोली बरी, तिथे हलतं कमी. चौघांना एकाच खोलीत राहता येतं, छतातून दोन बिछाने खाली येतात. हे ऐकून काका पुन्हा पुढे सरकले.

"छतातून? म्हणजे वरच्या खोलीवाल्याच्या जमिनीतून?"

"नाही सर, तुमच्याच छतातून."

"छताची खालची बाजू आपली की नाय, ते आधी बघायला हवं," ते म्हणाले. मी नकाशा छापून मागितला आणि त्यांना बाहेर आणलं.

पुढचा आठवडाभर तो नकाशा खालच्या ओटीवर पसरलेला होता. चार कोपऱ्यांवर चार जांभे दगड. काकांनी रंगीत पेन्सिलीने स्वयंपाकघर तांबडं केलं, नाचायची जागा जांभळी, लिफ्ट हिरव्या. मी ऑफिसातून आलो की ते मला खाली बोलावत. "ही खोली रद्द. हिच्या डोक्यावर नाच आहे. ही पण रद्द. हिच्या दारातून सगळ्या गावाची वहिवाट, लिफ्टकडे जायला दुसरी पाणंदच नाय." निम्मी बोट त्यांनी अशी रद्द केली.

मग एका रविवारी सकाळी आम्ही गॅलरीतून खाली पाहिलं तर खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, पांढऱ्या रेघा. मोजणीवाले रेघ मारायला चुन्याची भुकटी वापरतात, तिला फक्की म्हणतात. काकांनी फक्कीने खोली आखली होती. खऱ्या मापाची. दार, न्हाणी, पलंग, कपाट आणि पुढे एवढीशी बाल्कनी. काकूंनी आदल्या दिवशी खळ्यात आमसुलं वाळत घातली होती, ती सगळी बाल्कनीत आली होती.

"वरचे, खाली या," काका ओरडले. "सामानासकट."

सामानासकट आम्ही गेलो. काकांनी आम्हांला दारातून आत घेतलं. धाकटी रेघेवरून उडी मारून आली, तिला परत पाठवलं. "भिंतीतून येतेस? दारातून ये." दोन बॅगा ठेवल्यावर बायकोला उभं राहायला जागा उरली नाही. थोरला पलंगावर, म्हणजे जमिनीवर, आडवा झाला आणि त्याचे पाय न्हाणीत गेले. काकांनी धाकटीला दोरीच्या बाजेवर बसवून ती एका बाजूने धरून हलवली, लाटा कशा येतात ते दाखवायला. तिला लगेच ओकारी आल्यासारखं झालं. तिला बाल्कनीत न्यायला लागलो तर काका आडवे आले.

"तिकडे आमसुलं आहेत."

"काका, ती बाल्कनी आहे."

"असेल. पण आत्ता तिचा ताबा आमसुलांकडे आहे."

एवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात पाट. दारातून आत आल्या, दारातूनच. आमसुलांची चटई एका हाताने सरकवली, बाल्कनीत पाट मांडला आणि रेघेपलीकडे पाय सोडून बसल्या.

"बरी आहे गो जागा," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "वारा येतो."

"अगो, तू काय करतेस इथे?" काका.

"बघतेय. मी पण जाणार आहे ह्यांच्याबरोबर."

काका रिकाम्या बाजेवर टेकले.

"बोटीतून?"

"बोटीतूनच जाणार ना. चालत कसं जाणार?"

"आणि गडगा?"

"गडगा तुम्ही सांभाळा. मी गडग्याशी लग्न नाही केलेलं."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. मग त्यांनी विचारलं, "जेवणाचं काय?"

"कुकर लावायचा. तांदळाच्या दुप्पट पाणी. मोजता येतं ना तुम्हांला?"

त्याच संध्याकाळी काकूंनी पुण्याला मुलाला फोन केला. तो जणू लग्नापासून फोनची वाटच बघत होता. तासाभरात काकूंच्या नावाने एक खोली झाली. कुठली पाहिजे असं त्याने विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "खिडकी नको. खिडकीशी पुष्कळ बसले. दार उघडून बाहेर उभं राहता येईल अशी दे." अशा रीतीने काकांच्या आठवडाभराच्या संशोधनाचा निकाल लागला. आम्हीही त्यांच्या शेजारची, बाल्कनीचीच घेतली, आणि थोरल्याकडून रोज सकाळी कठड्यावर न चढण्याची शपथ घ्यायचं ठरलं.

काकूंची खोली दोन माणसांची होती. काका दोन दिवस अस्वस्थ. तिसऱ्या दिवशी ते वर आले. "दोघांची जागा आणि राहणार एकटी ती. अर्धी पडीक. पडीक जागेत कोण घुसेल सांगता येत नाय. उद्या कुणीतरी बॅग ठेवील, परवा बिछाना घालील. मला जायला हवं."

"जायलाच हवं," मी म्हणालो. बायको स्वयंपाकघरात पळाली. तिचं हसू खालच्या ओटीपर्यंत ऐकू आलं असणार.

जायचं ठरल्यावर त्यांनी अट घातली की खोली जाताना डाव्या अंगाची असावी, म्हणजे किनारा दिसेल. किनारा दिसला की रत्नागिरी दिसेल, रत्नागिरी दिसली की दुर्बिणीतून गडगा. बोट फार लांबून जाते, असं मी म्हणालो. "मग जरा जवळून घ्यायला सांगा," ते म्हणाले.

काकूंची तयारी वेगळी होती. त्यांनी पांढरे बूट आणले, पळायचे असतात तसले. गणपती झाल्यापासून रोज संध्याकाळी त्या नऊवारीवर ते बूट घालून विहिरीभोवती चालत. "बोटीवर सकाळी चालतात म्हणे वरच्या मजल्यावर," त्या सांगत. "आपल्याला दम लागायला नको." नारळ पाडायला येणारा माणूस माडावरून हे बघत असे आणि नारळ पाडायचे विसरत असे.

त्यानेच ती बातमी आणली. निघायच्याच आठवड्यात. पलीकडच्यांनी गडगा रचायला गडी सांगितलेत आणि दिवस ठरलाय तो नेमका दिवाळीनंतरचा, म्हणजे आम्ही सगळे समुद्रात असताना.

काका जिना चढून वर आले ते वाकायचं विसरून. कपाळ चौकटीवर आपटलं, तरी त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "वरचे," ते म्हणाले, "आम्ही रद्द."

त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. हा विनोद नव्हता. ज्या एका गोष्टीची राखण करण्यात माणसाचं आयुष्य गेलं, ती गोष्ट तो पाठ वळवेल त्याच दिवशी हलणार होती. निदान त्याला तरी तसंच वाटत होतं. आणि खाली काकूंच्या दोन बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या. वरच्या बॅगेवर पांढरे बूट, धुऊन वाळवलेले. काका खाली उतरले तसे मी आणि बायको त्यांच्यामागून गेलो, कशाला ते आमचं आम्हांलाच माहीत नव्हतं.

काकू ओटीवर लसूण सोलत होत्या.

"अगो, रद्द करायला हवं," काका म्हणाले. "पलीकडचा गडगा रचतोय."

"नाही रचत."

"गडी ठरलेत."

"ठरले होते. आता आपण परत आल्यावर रचतील. मी जाऊबाईंना सांगितलंय."

जाऊबाई म्हणजे पलीकडच्याची बायको. काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काकूंकडे.

"तू त्यांच्याशी बोलतेस?"

"रोज."

"रोज? कधी?"

"तुम्ही आंघोळीला गेलात की."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. तुमच्या घरात माझ्याशी पहिलं गोड बोलल्या त्या जाऊबाईच."

"कुठे बोलता?"

"गडग्याशी. जांभळीपाशी सावली असते ना." काकूंनी पुढची पाकळी हातात घेतली. "तिथले दोन दगड काढले की बसायला छान होतं. एक त्यांना, एक मला. जाताना परत लावायचं म्हणतो, पण तेवढ्यात तुमचा तांब्या वाजतो."

माझ्या बायकोने पदर तोंडात कोंबला. मी तुळशीवृंदावनाकडे बघत राहिलो.

काका ओटीच्या कडेवर हळूहळू बसले. "म्हणजे तो हात," ते म्हणाले.

"आमचाच."

"आणि मी इतकी वर्षं त्याला..."

"शिव्या घालताय. जाऊबाई सांगतात ना त्यांना. ते म्हणतात, घालू दे, त्याला तेवढाच विरंगुळा."

काका बराच वेळ गडग्याकडे बघत होते. मग ते उठले, कपाळावरचं टेंगूळ चाचपलं आणि मला म्हणाले, "वरचे, ते रद्द केलेलं रद्द." आणि आंघोळीला गेले. सकाळी एकदा झालेली होती.

मुंबईच्या धक्क्यावर आमची अर्धी रांग खोळंबली ती काकांमुळे. तपासणीत त्यांच्या बॅगेतून पांढरी पूड निघाली. पिशवीभर. फक्की. बोटीवर पोरांना रेघ आखून द्यायला लागली तर असावी, म्हणून घेतलेली. अधिकाऱ्याने ती पिशवी दोन बोटांत धरून वर उचलली आणि आजूबाजूचे लोक मागे सरकले. काका त्याला फक्कीचा इतिहास सांगू लागले. शेवटी काकू पुढे झाल्या. "मोजणी खात्यातले आहेत हो," त्या म्हणाल्या, आजारी माणसाबद्दल सांगावं तशा.

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. तो राजापूरकडचा निघाला. "काका," तो म्हणाला, "आमच्या घरामागे एक बांध आहे." मग त्या बांधाची सगळी हकिगत झाली. काकांनी त्याला फक्कीची पिशवी देऊन टाकली, वर सल्लाही दिला. मागे उभ्या असलेल्या माणसांनी काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

बोट सुटली ती दुपार कलताना. किनारा धुरकट झाला आणि मग नाहीसा झाला. रत्नागिरी कुठल्या बाजूला येते हे काकांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या बाल्कनीत आणि ते दोघं त्यांच्या. मधे पांढरा पडदा, लोखंडी, उंच. त्याच्या खालच्या फटीतून धाकटी काकूंना वेफर सरकवत होती आणि काकू पलीकडून चकल्या. खोली आवरायला आलेले गृहस्थ हे बघून हसले. दोन्ही खोल्यांची माणसं हो म्हणत असली, तर हा पडदा उघडून देता येतो, असं ते हिंदीत म्हणाले. दोन्ही बाल्कन्या एक होतील.

मी काही बोलायच्या आत पडद्यापलीकडून आवाज आला.

"वरचे."

"काय, काका?"

"तुमची संमती आहे?"

"आहे."

"वहिनींची?"

"आहे हो," बायको म्हणाली.

मग काका त्या गृहस्थांना, कोकणी कानाला हिंदी वाटेल अशा हिंदीत, म्हणाले, "खोलो. लेकिन परत लगाते वक्त मेरे को बुलाना. मैं हाजिर रहेगा, तबही लगाना."

पडदा कुरकुरत भिंतीकडे फिरला. तो पुरता टेकायच्या आत काकू खुर्ची उचलून आमच्याकडे आल्या होत्या. थोरला आणि धाकटी तिकडे गेली. काका मधेच उभे राहिले, जिथे पडदा होता तिथे. खाली जमिनीवर त्याची पट्टी होती, चांगली ठसठशीत. त्यांनी आपली खुर्ची ओढली आणि तिचे दोन पाय पट्टीच्या अलीकडे आणि दोन पलीकडे येतील अशी बेताने ठेवली.

"इथून दोन्हीकडे लक्ष राहतं," ते म्हणाले आणि बसले.

समोर सगळीकडे पाणी. कुठे बांध नाही, दगड नाही, झाडाची खूण नाही. वारा होता. काकांची मान आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, आणि मग छातीवर टेकली. लवकरच त्यांचं घोरणं इतकं वाढलं की पलीकडच्या बाल्कनीतल्या परक्या माणसांनी डोकावून पाहिलं.

काकूंनी कठड्यावर दोन्ही हात टेकले. पांढरे बूट पायांत होतेच. त्यांनी एकदा नवऱ्याकडे मागे वळून पाहिलं आणि माझ्या बायकोला जवळ यायची खूण केली.

"तुझा तो मोबाइल काढ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे उठायच्या आत पुढच्या वर्षी कुठे जायचं ते ठरवून टाकू."